बाल्कनीतून होडी दिसते, जाळं दिसत नाही

डिसेंबरातली गोष्ट. करंजाहून होडी घेऊन आम्ही खाडीच्या तोंडाशी पाण्याचे नमुने घ्यायला गेलो होतो. ओहोटी संपत आली होती, पाणी थबकलं होतं, आणि अशा वेळी भरती लागेपर्यंत हाताला काही काम नसतं. तेवढ्यात मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेलं एक पर्यटकांचं जहाज दक्षिणेकडे निघालेलं दिसलं. पांढरंशुभ्र, वरच्या मजल्यांवर मधाच्या पोळ्यासारख्या बाल्कन्या. आमच्या होडीचे नाखवा साठी उलटलेले आहेत. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "वरून आमी दिसताव का गो?"

मी म्हटलं, "दिसत असणार की, काका."

हे उत्तर मी काहीही न मोजता दिलं होतं. पीएचडीच्या चौथ्या वर्षात असलेल्या माणसाने असं करू नये. पण मार्चमध्ये तशाच एका बाल्कनीत उभं राहायची वेळ आली, आणि तेव्हा हे उत्तर मला टोचायला लागलं. आजचं लेखन त्याविषयी. नाटकाचं किंवा पुस्तकाचं परीक्षण लिहितात तसं मी इथे एका खोलीचं परीक्षण करणार आहे: जहाजावरच्या बाल्कनीच्या खोलीचं.

आधी प्रसंग सांगून टाकते. मावशी-काकांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून आम्ही अकरा जण मुंबई–गोवा–मुंबई अशा सहलीला गेलो. चार खोल्या घेतल्या होत्या. तीन आतल्या, खिडकीच नसलेल्या, आणि एक बाल्कनीची, अर्थातच मावशी-काकांसाठी. पण वारं लागलं की मावशीचे कान दुखतात, आणि काकांना बुफेमधून वर यायला वेळ नव्हता. त्यामुळे बाल्कनी बहुतेक वेळ माझ्या ताब्यात. जहाजाचं नाव सांगत नाही, कारण माझं म्हणणं कुणा एका जहाजाविषयी नाही. जेवण चांगलं होतं, माणसं प्रेमळ होती, आणि मावशी खूश होती. ते सगळं खरं धरूनच पुढे वाचा.

चेक-इनच्या रांगेत एका अनुभवी गृहस्थांनी बाबांना सल्ला दिला होता. "जाताना नेहमी उजवीकडची खोली घ्यायची हो. डावीकडे काय, नुसता पोर्ट दिसतो." त्यांचा भूगोल अगदी बरोबर होता. बॅलार्ड पियर मुंबईच्या पूर्व अंगाला. तिथून सुटलेलं जहाज आधी बंदराच्या पाण्यातून दक्षिणेकडे जातं आणि कुलाब्याचं टोक मागे टाकून उघड्या समुद्राला लागतं. उजवीकडच्या बाल्कनीला कुलाबा, प्राँग्सचं दीपगृह आणि थोड्या वेळाने सूर्यास्त. डावीकडच्या बाल्कनीला जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, घारापुरी, तिच्यामागे दहा-बारा किलोमीटरवर न्हावा शेव्याच्या क्रेन, मग करंजा, रेवस आणि कनकेश्वराचा डोंगर. आमची खोली डावीकडची. म्हणजे पैसे देऊन 'नुसता पोर्ट' बघणाऱ्यांपैकी आम्ही.

आता बाल्कनीकडे एक उपकरण म्हणून बघा. आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की ते विकणारा माणूस सांगतो, हे काय काय दाखवतं. आम्ही विचारतो, हे कुठपर्यंत दाखवतं, आणि त्याच्या खाली गेल्यावर काय लिहून देतं? याला डिटेक्शन लिमिट म्हणतात. समजा पाण्यातला शिसं मोजायचं यंत्र आहे आणि ते एका ठरावीक प्रमाणाच्या खालचं शिसं ओळखूच शकत नाही. तर त्या नमुन्यापुढे 'शून्य' लिहायचं नसतं. 'मर्यादेच्या खाली' असं लिहायचं असतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. यंत्राला सापडलं नाही, की ते वहीत 'नाही' लिहून मोकळे होतात. (मीही केली आहे. गाईडनी ती वही अजून जपून ठेवली आहे.)

बाल्कनी हे यंत्र किती दूरचं दाखवतं? पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाचं अंतर डोळ्याच्या उंचीवर ठरतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्या आणि त्याला ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. पाण्यापासून २५ मीटर उंचीवरच्या बाल्कनीतून क्षितिज साधारण १८ किलोमीटरवर. होडीत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटर धरला तर त्याचं क्षितिज पाच किलोमीटरवर. म्हणजे बाल्कनीतल्या माणसाला साडेतीनपट लांबचं दिसतं. जाहिरातीत दाखवतात ती हीच बाजू, आणि ती खोटी नाही.

पण किती बारीक दिसतं? चांगली नजर असलेल्या माणसाचा डोळा साधारण एक कलामिनिटाएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. दोन किलोमीटरवर त्याचा अर्थ होतो साधारण ५८ सेंटिमीटर. आमची होडी आठ-नऊ मीटरची. दोन किलोमीटरवरून ती पाव अंशाची दिसेल, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्मी. दिसेल, चांगली दिसेल. तिच्यात बसलेली तीन माणसं ठिपक्यांसारखी दिसतील, वेगळी ओळखता आली तर आली. पण जाळ्याचा बोया, हल्ली तो बहुतेक प्लास्टिकचा कॅनच असतो, फूटभर लांबीचा. तो दोन किलोमीटरवर ओळखता येण्याच्या मर्यादेच्या खाली जातो. आणि त्याच्याखालचं जाळं तर पाण्यातच. तेव्हा काकांना द्यायचं नेमकं उत्तर असं होतं: होडी दिसते, जाळं दिसत नाही. सांजावताना बाल्कनीतल्या माणसाला निळसर पाण्यावर एकटी होडी दिसते, तो फोटो काढतो, आणि होडीभोवतीचा सगळा कामाचा पसारा त्या फोटोत 'शून्य' म्हणून नोंदला जातो.

हा पसारा किती असतो याची कल्पना द्यायची तर डोल जाळ्याबद्दल सांगायला हवं. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांबच लांब थैलीचं जाळं. समुद्रतळात खुंट ठोकून त्यांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे. माशाच्या मागे होडी पळवायची नाही, भरती-ओहोटीचं पाणीच बोंबील, जवळा, मांदेली थैलीत आणून टाकतं. हे तंत्र चालतं ते इथल्या पाण्याच्या दोन गुणांवर. एक, मुंबईच्या आसपास उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी जवळजवळ पाच मीटरने बदलते, म्हणून प्रवाह जोरदार. दुसरा गुण गढूळपणा. आणि इथे मला थांबावंच लागेल, कारण माझी पीएचडी या गढूळपणावर आहे.

जहाजावर पहिल्या तासात मी जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते होतं, "ई, किती घाण पाणी!" शेजारच्या बाल्कनीतून, खालच्या डेकवरून, लिफ्टमध्ये, आणि आमच्याच घरातल्या चौघांच्या तोंडून. मुंबई बंदराच्या पाण्यात घाण आहेच, सांडपाणी आहे, तेल आहे, प्लास्टिक आहे. पण तो मातकट रंग घाणीचा नाही. तो गाळाचा आहे. उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्यांनी आणलेली बारीक माती आणि तळावरचा मऊ चिखल दिवसातून चार वेळा उलटसुलट धावणारा प्रवाह सतत ढवळत ठेवतो. समुद्राची पारदर्शकता मोजायची जुनी आणि अजूनही वापरातली पद्धत म्हणजे सेकी चकती. १८६५ मध्ये आंजेलो सेकी या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून पांढऱ्या चकत्या दोरीने भूमध्य समुद्रात सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते मोजलं. आम्ही न्हावा शेव्याजवळ तीच चकती सोडतो तेव्हा पुष्कळदा ती मीटरभर जायच्या आधीच गायब होते. हाच गाळ दलदलीवर बसतो, तिथे तिवरं उभी राहतात, चिंबोऱ्या आणि निवट्या बिळं करतात, शिवडीला रोहित पक्षी उतरतात. गाळ नसता तर यातलं काहीच नसतं.

संध्याकाळी कधीतरी पाण्याचा रंग बदलतो. मातकट, मग हिरवट, मग दुसऱ्या दिवशी उठल्यावर निळा. समुद्रविज्ञानात यासाठी फोरेल–उले नावाची २१ रंगांची पट्टी आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, निळ्यापासून तपकिरीपर्यंत. बाल्कनीत बसून सबंध पट्टी एका रात्रीत बघायला मिळावी ही खरं तर केवढी मोठी संधी! इथे बाल्कनीला पैकीच्या पैकी गुण. पण माहितीपत्रकातला प्रत्येक फोटो पट्टीच्या निळ्या टोकाचा होता. एकातही मातकट पाणी नाही. जिथून जहाज सुटतं आणि जिथे परत येतं तेच पाणी सहलीच्या चित्रातून वजा केलेलं. लोकांनाही मग निळं पाणी आलं की सहल सुरू झाल्यासारखं वाटतं. आमच्या घरातल्या मंडळींनी फोन काढले ते तेव्हाच.

बाल्कनीची खोली आली कुठून, हे थोडक्यात. पूर्वीच्या प्रवासी जहाजांवर उघडी हवा खायची तर सगळ्यांच्या डेकवर जायचं. खासगी बाल्कन्या होत्या, पण अगदी मोजक्या, वरच्या वर्गाच्या. १९८४ च्या नोव्हेंबरात साउदॅम्प्टनला 'रॉयल प्रिन्सेस' या जहाजाचं नामकरण झालं. तिच्या सगळ्या प्रवासी खोल्या बाहेरच्या बाजूला होत्या आणि बऱ्याच खोल्यांना बाल्कनी. तिथून ही चाल वाढत गेली. आता यात एक भूमितीचा पेच आहे. बाल्कनी लागते परिघाला. जहाज लांबी-रुंदीला दुप्पट केलं तर त्याचा परीघ दुप्पट होतो, पण क्षेत्रफळ चौपट. म्हणजे जहाज जितकं मोठं तितक्या आतल्या, अंधाऱ्या खोल्या जास्त. यातून निघायला मजल्यावर मजले चढवले गेले. मग २००९ च्या 'ओएसिस ऑफ द सीज' वर जहाज मधून उघडं करून आत बाग केली आणि त्या बागेकडे बघणाऱ्या बाल्कन्या काढल्या, ज्यांतून समोर समुद्र नाही, समोरच्यांची बाल्कनी दिसते. (आपल्याकडे याला चाळ म्हणतात, आणि त्यासाठी कुणी जास्त पैसे मागत नाही.) २०१४ मध्ये 'नेव्हिगेटर ऑफ द सीज' वर आतल्या खोल्यांमध्ये भिंतभर पडदा लावून त्यावर बाहेरचा समुद्र थेट दाखवायला सुरुवात झाली. पडद्याच्या बाजूला पडदेही सोडलेले.

हे शेवटचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. पडद्यावरच्या समुद्रानेही काम भागत असेल, तर बाल्कनीत विकली जाणारी वस्तू नुसता समुद्र नाही. विकली जाते ती चौकट: दोन बाजूंना आडव्या भिंती, समोर काच, मधे तुम्ही, आणि दुसरं कुणी नाही. शेजारी त्याच सूर्यास्ताकडे बघतोय, त्याचा खोकला ऐकू येतोय, पण तो दिसता कामा नये.

समाजशास्त्रात यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मी त्या विषयाची नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या. जॉन अरी यांचं 'द टुरिस्ट गेझ' हे पुस्तक १९९० चं. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं, की पर्यटकाची नजर ही आपोआप पडणारी नजर नसते, ती घडवलेली असते. काय बघण्याजोगं आहे हे फोटो, माहितीपत्रकं, गाईड, आधी जाऊन आलेले शेजारी ठरवून देतात, आणि आपण तिथे जाऊन ते तपासून येतो. रांगेतल्या गृहस्थांचं 'नुसता पोर्ट' हे वाक्य अरींच्या वर्गात उदाहरण म्हणून चालेल. पण अरी वाचताना माझ्यातली विज्ञानाची विद्यार्थिनी अस्वस्थ होते. नजर घडवलेली असते हे कबूल, पण डोळ्याला, उंचीला, अंतरालाही मर्यादा असतात. उद्या एखाद्याने मन अगदी स्वच्छ ठेवून, जाणीवपूर्वक, न्हावा शेव्याकडे बघायचं ठरवलं तरी त्या बाल्कनीतून त्याला बोया दिसणार नाही. काही न दिसणं हे चांगल्या मनाने दुरुस्त होत नाही. त्यासाठी जागाच बदलावी लागते, खाली उतरावं लागतं.

त्या दृष्टीने मला जवळचे वाटले ते ॲलन सेक्युला. ते छायाचित्रकार आणि लेखक. 'फिश स्टोरी' हे त्यांचं बंदरांवरचं, खलाशांवरचं पुस्तक १९९५ चं. नंतर नोएल बर्च यांच्याबरोबर त्यांनी २०१० मध्ये 'द फरगॉटन स्पेस' ही फिल्मही केली. सेक्युलांचा एक मुद्दा असा, की समुद्र दोन तऱ्हांनी दाखवता येतो, विस्तीर्ण देखावा म्हणून किंवा तपशील म्हणून, आणि आपण सगळे देखाव्याला इतके सरावलो आहोत की समुद्र हे कामाचं ठिकाण आहे हेच विसरून गेलो. त्यांचं लेखन जड आहे, मी दोनदा सोडून तिसऱ्यांदा पुरं केलं. पण बाल्कनीत बसल्यावर कळलं, ही खोली म्हणजे देखाव्याचं यंत्र आहे. तपशील तिच्या बांधणीतच बसत नाही.

मग त्या 'नुसत्या पोर्ट'मध्ये तपशील काय होता?

जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात तिथे सुमारे ७३ लाख टीईयू एवढी कंटेनरची ने-आण झाली. टीईयू म्हणजे वीस फुटी पेटीचं माप. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय तो, किंवा त्याचा एखादा भाग, यातल्या एखाद्या पेटीतून आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. एवढी मोठी जहाजं आत यावीत म्हणून गाळ उपसून १५ मीटर खोलीचा जलमार्ग राखला आहे. मघाशी सांगितलेला गाळ, जो डोल जाळ्याला मासा देतो, तोच या मार्गात परत येऊन बसतो आणि पुन्हा पुन्हा काढावा लागतो. एकाच चिखलाचे दोन हिशेब.

आणि बंदराच्या आधी तिथे गाव होतं. शेवा कोळीवाड्यातली अडीचशेहून अधिक कुटुंबं बंदरासाठी उठवली गेली आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवली गेली. त्या वसाहतीत वाळवी लागली, घरंच्या घरं पोखरली गेली, आणि पुन्हा पुनर्वसन करा ही त्यांची मागणी गेली कित्येक वर्षं चालू आहे. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभं राहिलं, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. साउदॅम्प्टनच्या त्या जहाजाचं वर्षही योगायोगाने हेच.

जमिनीचा लढा निदान मोजता तरी येत होता. जमिनीला सातबारा असतो. खाडीला, दलदलीला, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलाला सातबारा नसतो. त्यावर हाताने चिंबोऱ्या, निवट्या पकडणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. ती महसुली नोंदींच्या डिटेक्शन लिमिटच्या खाली होती, आणि म्हणून हिशेबात तिच्या नुकसानीपुढे सरळ शून्य. २७ फेब्रुवारी २०१५ ला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. ती द्यायची होती बंदर प्राधिकरण, सिडको आणि ओएनजीसी यांनी. मला त्या निकालातला आकड्यापेक्षाही महत्त्वाचा भाग वाटतो तो हा, की शून्य खोडून तिथे एक संख्या लिहिली गेली. ती पुरेशी होती की नाही, हा वेगळा वाद.

मला कुणी म्हणेल, अगं, माणसं दोन दिवस विश्रांतीला जातात, त्यांना हे सगळं कशाला? आईने हेच म्हटलं, फक्त 'अगं' जरा जोरात. मला तिचं पटतं. विश्रांती घेणाऱ्याने न्हावा शेव्याकडे बघून अपराधी वाटून घ्यावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझा आक्षेप 'रिकामा' या शब्दाला आहे. माहितीपत्रकात होतं: समोर फक्त अथांग, रिकामा समुद्र. रिकामा कुठे? त्याच पाण्यात ७ ऑगस्ट २०१० ला न्हावा शेव्याहून निघालेलं 'एमएससी चित्रा' आणि आत येणारं 'खलिजिया ३' यांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, दोन्ही बंदरं काही दिवस बंद होती आणि किनाऱ्यावरची मासळी कुणी विकत घेईना. रिकाम्या जागेत टक्कर होत नाही. कायदाही समुद्र रिकामा धरत नाही: मार्पोल करारानुसार प्रक्रिया न केलेलं सांडपाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडेच, जहाज चालतं असताना, सोडता येतं. बारा सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर. आपल्या बाल्कनीचं क्षितिज १८ वर होतं. किनाऱ्याची वाळू नजरेआड गेल्यानंतर थोड्याच वेळात ती रेघ येते. आधुनिक जहाजांवर शुद्धीकरणाची यंत्रं असतात हेही खरं, पण बाल्कनीतून यातलं काहीच दिसत नाही, ना यंत्र, ना रेघ.

माझी आजी देवगडची. कोकण बोटीतून तिने लहानपणी प्रवास केला आहे. तिला मी बाल्कनीतले फोटो दाखवले तर ती म्हणाली, "एवढी माणसं होती ना बोटीवर? मग यात एकही कसा नाही?" तिच्या आठवणीतल्या डेकवर वळकट्या होत्या, ओकाऱ्या होत्या, कोंबड्या होत्या, कुणाचं तरी रडणारं पोर होतं, आणि बंदर आलं की पडाव यायचे आणि त्यांत सामानासकट उड्या टाकायच्या. जुन्या बोटींबद्दल हळवं व्हायला मी तयार नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' याच पाण्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. पण डेकवर एक सोय होती. डावीकडून उजवीकडे जाता यायचं. काही कळलं नाही तर शेजारच्याला विचारता यायचं, ते काय हो? आणि त्या शेजाऱ्याचं घर बहुतेक किनाऱ्यावरच असायचं, त्यामुळे उत्तर मिळायचं. बाल्कनीत मला आडव्या भिंतीपलीकडून एका लहान मुलाचा आवाज आला, "पप्पा, त्या मोठ्या शिड्या कसल्या?" पप्पा म्हणाले, "काही नाही रे, पोर्ट आहे." मी भिंतीवरून डोकावून सांगणार होते. तशी पद्धत नसते म्हणून गप्प बसले. अजून हळहळ वाटते.

बाल्कनीला अजून एक श्रेय द्यायचं राहिलं. रात्री दोनला झोप येईना म्हणून मी खोलीतले दिवे मालवून बाहेर गेले. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागली. आणि मग समुद्रावर दिवे दिसायला लागले. आधी चार, मग दहा, मग मी मोजणं सोडलं. लांबचे, बारके, पिवळट, पांढरे, हलणारे. हे कसं? दिवसा फूटभराचा कॅन दोन किलोमीटरवर दिसत नाही आणि रात्री त्याहून लहान दिवा त्याच्या कितीतरी पुढून दिसतो? कारण दिव्याच्या बाबतीत आकाराला महत्त्व नाही, उजेडाला आहे. ताऱ्याचंही तसंच. त्याचा आकार आपल्या डोळ्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतो, तरी तो दिसतो. सबंध प्रवासात त्या बाल्कनीने मला सगळ्यात जास्त माणसं दाखवली ती अशी, मध्यरात्री, बाकीचं जहाज झोपलेलं किंवा डिस्कोत असताना.

एप्रिलमध्ये पुन्हा करंजाला गेले तेव्हा काकांना सगळं सांगितलं. होडी दिसते, जाळं नाही दिसत, बोयं तर नाहीच नाही. ते हसले. "माज्या जाल्याला पन नाय दिसत तुमची बोट," म्हणाले. मग विचारलं, "आनि रातचा?"

"रात्री दिसता, काका. बत्ती लावली असेल तर लांबूनसुद्धा."

त्यांनी काठीवरचा दिवा काढला, पंच्याच्या टोकाने त्याची काच पुसली, बटण दाबून बघितलं. पाणी वळत होतं. मी चकतीची दोरी सोडायला घेतली.